मामांच्या आगमनाची नोंद

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये मी एका यंत्राची, एका दरवाजाची आणि त्या दरवाजापाशी अडून राहिलेल्या एका माणसाची हकिकत आपल्यासमोर सादर करणार आहे. यंत्र वाईट होते असे माझे म्हणणे नाही. माणसे वाईट होती असे तर मुळीच नाही. तथापि माझ्या एकुलत्या एका कन्येच्या विवाहाच्या दिवशी, मुहूर्ताची घटिका समीप येत असताना, माझ्या जिवाची जी तगमग झाली तिला हे यंत्रच निमित्त झाले. ते कसे, हे आपण शांतचित्ताने वाचावे अशी नम्र विनंती आहे.

ज्या काळाची ही गोष्ट आहे तो काळ फार दूरचा नाही. आज जी मुले पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जात आहेत, त्यांच्या लग्नांचा तो काळ.

माझा व्यवसाय निवेदकाचा. तासगाव तालुक्यातील लग्नकार्यांमध्ये व्यासपीठाच्या कडेला उभे राहून माइकवरून पाहुण्यांचे स्वागत करणे, हे माझे काम. कमानीतून कोण आत येत आहे हे दुरूनच हेरायचे, त्याचे नाव, गाव, हुद्दा आठवायचा आणि तो खुर्चीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याच्या कानावर त्याचे नाव घालायचे. नाव ऐकून माणूस थबकतो, फेटा सावरतो, आजूबाजूला पाहून हात जोडतो. त्या एका क्षणासाठी माणसे वीस कोस प्रवास करून येत असत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पुढे आमच्या भागातील मंगल कार्यालयांमध्ये आरएफआयडीची व्यवस्था आली. या विज्ञानाची थोडी माहिती येथे देणे मी कर्तव्य समजतो. टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरील पट्टी पाहून फाटक आपोआप वर जाते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तीच विद्या येथे लग्नपत्रिकेत आली. पत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन पदरांमध्ये धातूची केसासारखी बारीक, नागमोडी तार असते आणि तिच्या मधोमध तिळाहून लहान चिप असते. तिला बॅटरी नसते. ती एरवी निद्रिस्त असते. प्रवेशद्वाराच्या कमानीत बसविलेली पेटी अखंड रेडिओलहरी सोडत असते. पत्रिका त्या लहरींच्या टप्प्यात आली की तारेमध्ये किंचितशी वीज उत्पन्न होते. तेवढ्याशा विजेवर चिप जागी होते आणि आलेल्या लहरी कमीअधिक प्रमाणात परतवून आपला क्रमांक पेटीला कळविते. एखाद्याने हातातील आरशावर ऊन घेऊन दूरच्या माणसाला खूण करावी, तसा हा प्रकार आहे. पत्रिका टप्प्याबाहेर गेली की चिप पुन्हा झोपी जाते.

प्रत्येक पाहुण्याच्या नावाची पत्रिका वेगळी. ती खिशातून काढावीही लागत नाही. माणूस कमानीखाली आला की दिवा हिरवा होतो, एका स्त्रीचा मंजुळ आवाज त्याचे नाव घेऊन स्वागत करतो आणि त्याच्या खुर्चीचा क्रमांक सांगतो. दाराशी रेटारेटी नाही, जिन्यावर खोळंबा नाही. आचाऱ्याला किती पंगती बसणार हे आधीच कळू लागले आणि अन्नाची नासाडी थांबली. ही सोय मोठी होती, हे मी मान्य करतो. मी माइकवरून जी नावे घेत असे, ती आता कमान घेऊ लागली आणि माझ्याकडे केवळ सुविचार व सूचना उरल्या, याविषयीही मी तक्रार करीत नाही.

परंतु यंत्राला विसर पडत नाही. भागातील सर्व कार्यालये एकाच कंपनीच्या व्यवस्थेला जोडली गेली आणि कोणत्या घरातील माणूस कोणाच्या कार्याला आला, किती वेळ थांबला, जेवून गेला की अक्षता टाकून परस्पर गेला, याचा गोषवारा घराघरांप्रमाणे तयार होऊ लागला. ज्याची ये-जा अधिक त्याला पुढची खुर्ची. ज्याची कमी त्याला मागची. हे यंत्रच ठरवू लागले. यजमानाची एक डोकेदुखी कमी झाली म्हणून लोकांनी प्रथम आनंदच व्यक्त केला.

मग हळूहळू लक्षात आले की आपल्या संसारातून एक वाक्य नाहीसे झाले आहे. ते वाक्य असे: “आलो होतो, पण गर्दीत गाठ पडली नाही.”

वाचकहो, हे वाक्य किती जणांनी किती वेळा उच्चारले असेल! बोलणाऱ्यालाही ठाऊक असे आणि ऐकणाऱ्यालाही. ऐकणारा म्हणे, “व्हय, गर्दी लईच हुती,” आणि चहा टाकला जाई. आता बोलणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर उत्तर तयार असे. सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. आमच्या गल्लीतील एका आत्याबाईंनी भाच्याला सर्वांदेखत विचारले, “माझ्या नातवाच्या बारशाला तू बारा मिनिटं बसलास व्हय रं?”

हेच आमच्या घरी घडले.

माझी कन्या वैभवी हिच्या साखरपुड्याला तिचे मामा, म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू शहाजी शेडगे, आले नाहीत. ते जत तालुक्यात एका आडबाजूच्या वस्तीवर राहतात. दुसऱ्या दिवशी माझी पत्नी शालन आणि तिची जाऊ आहेरात आलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. हात गुंतलेले असल्यामुळे शालनने फोनचा आवाज मोठा ठेवून भावाला फोन लावला.

“दादा, का रं आला न्हाईस काल?”

“आलो हुतो की गं,” पलीकडून शहाजीराव म्हणाले. “केवढी गर्दी ती! तुझी काय गाठ पडंना. जनावरं हुती घरी, मग निघालो तसाच.”

शालन हसली. मला वाटले, आता ती त्यांना लटकेच रागावेल आणि विषय संपेल. तेवढ्यात जाऊबाईंनी मोबाइल तिच्यापुढे धरला. “बगा की वैनी. नावच न्हाई.”

शालनने पाहिले. तिचे हसू गेले. “दादा, कमानीत तुझं नाव न्हाई उमटलं.”

“मंग? मी खोटं बोलतोय म्हन.”

“मी न्हाई म्हनत. यंत्र म्हनतंय.”

पलीकडे बराच वेळ केवळ शेळ्यांचे ओरडणे ऐकू येत राहिले. नंतर फोन बंद झाला.

त्यानंतर बहीण-भावांत शब्द नाही. लग्न ठरले, तारीख निघाली. आमच्यात अशी रीत आहे की नवरीच्या आईने लग्नाचे पहिले आवतण स्वतः जाऊन माहेरी द्यायचे. भावाच्या उंबऱ्यावर बसून, पाणी पिऊन, “मामानं पुढं होऊन लेकीला उभं करायचं,” असे तोंडाने सांगायचे. मी गाडी सांगून ठेवली. शालन म्हणाली, “पोस्टानं धाडा.”

“अगं, सख्ख्या भावाला पोस्टाने?”

“त्यात चिप हाय न्हवं? दार उघडंल त्याला. आनि काय पायजे?”

“मग मी एकटा जाऊन येतो.”

“जावा. आनि तिकडंच ऱ्हावा.”

मी गेलो नाही. पत्रिका पोस्टाने गेली.

विवाहाचा दिवस उजाडला. रत्नमाला मंगल कार्यालय, मुहूर्त दुपारचा. यजमान म्हणून माझ्या मोबाइलवर सर्व पाहुण्यांची नावे दिसत होती. जो कमानीच्या टप्प्यात येई त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उगवे. तो आतल्या दारातून सभागृहात गेला की दुसरा ठिपका उगवे. मी हात जोडून लोकांचे स्वागत करीत होतो, परंतु माझी दृष्टी वारंवार एकाच नावाकडे जात होती. शहाजी शेडगे. तेथे ठिपका नव्हता.

आमच्याकडे मामाशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. मामाकडची पिवळी साडी तिच्या अंगावर पडते, मामा तिचा हात धरून तिला अंतरपाटाशी आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. वैभवीने सकाळपासून मला एकच प्रश्न अनेक वेळा विचारला होता. “पप्पा, मामा निघाला का?” आणि मी प्रत्येक वेळी “निघाला असेल” असे म्हणालो होतो. शालनने एकदाही विचारले नव्हते. ती येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावीत होती, परंतु कमानीवर कोणाचेही नाव पुकारले गेले की तिचा हात क्षणभर थांबत होता.

आणि अकस्मात ठिपका उगवला! शहाजी शेडगे, हिरवा. माझ्या छातीवरील धोंडा उतरला. मी शालनला सांगण्यासाठी वळलो, तोच ठिपका मावळला. मला वाटले, ते आत पोहोचले. दुसरा ठिपका पाहिला, तो नव्हताच. मग पहिला पुन्हा उगवला. पुन्हा मावळला. वाचकहो, तो ठिपका असा उगवत-मावळत राहिला आणि त्यासरशी मी खुर्चीवरून उठत होतो व पुन्हा बसत होतो.

शेवटी मी दाराची व्यवस्था पाहणाऱ्या नाझियाबाई मुल्ला यांना फोन केला. “बाई, यंत्र बिघडले आहे काय? आमच्या मेहुण्यांचे नाव लुकलुक करीत आहे.”

“नाही काका, यंत्र ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “बाहेरच्या कमानीला ते दिसतायत, आतल्या दाराला नाही. कमानीपर्यंत येतात, मागं फिरतात. टप्प्याच्या बाहेर गेले की ठिपका जातो. माणूसच येरझाऱ्या घालतोय.”

“तुम्हाला ते दिसत आहेत काय?”

“समोरच आहेत. पांढरा फेटा, हातात पिशवी. मघाशी मी पाणी दिलं, ते पण घेतलं नाही.”

इतक्यात भटजींनी व्यासपीठावरून हाक दिली, “मामा कुठे आहेत? मुलीला आणायची वेळ झाली.” आमचे व्याही माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “खराडे, मुहूर्त टळंल. मामा येत नसला तर दुसरं कुनी उभं करा की. वैनींच्या भावकीत पंचवीस भाऊ हाईत.”

“पाचच मिनिटे द्या,” असे म्हणून मी बाहेर धावलो. यजमानाने असे धावू नये, हे मला कळत होते.

शहाजीराव कमानीच्या पलीकडे उन्हात उभे होते. चेहरा घामाने निथळत होता. कापडी पिशवीतून पिवळ्या साडीचा काठ बाहेर आला होता. मला पाहताच त्यांनी तोंड फिरविले नाही, उलट हसले. ते हसणे मला रडण्यापेक्षा अवघड वाटले.

“काय पाव्हणं, असे उन्हात?” मी म्हणालो.

“बगतोय दाजी, दार किती येळा स्वागत करतंय ते. बाई लई गोड बोलती वो. आत्तापतुर माझं एवढं कुनी ‘या, या’ केलं न्हवतं.” मग त्यांनी त्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. “‘श्रीयुत शहाजी शेडगे, आपलं सहर्ष स्वागत असो. आपलं आसन, क-सतरा.’ दाजी, क-सतरा कुठं आलं?”

क-ची रांग कुठे असते हे मला ठाऊक होते, परंतु ती त्यांच्या वाट्याला आली आहे हे मी आधी पाहिले नव्हते. “मागच्या बाजूला,” मी म्हणालो. “भटारखान्याच्या दाराशी.”

“म्हंजे पोरीचा मामा कढईपाशी. बरं हाय. गरम गरम मिळंल.”

“पाव्हणं, ते माणसाने लावलेले नाही. गोषवाऱ्यावरून आपोआप...”

“त्योच तर!” त्यांचा आवाज एकदम चढला आणि कमानीखालून जाणारी दोन माणसे वळून पाहू लागली. शहाजीरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “त्यो गोषवाराच की दाजी. मी आलो न्हवतोच साखरपुड्याला. यंत्र खरं बोललं, मी खोटं बोललो. घ्या. पर का आलो न्हवतो, ते यंत्रानं इचारलं का?”

“मीही विचारले नाही,” मी म्हणालो. “आता विचारतो.”

त्यांनी फेट्याच्या शेवाने घाम टिपला. “आमच्या पोरीचं, कोमलचं, लगीन मोडलं हुतं. तुमच्या साखरपुड्याच्या आदी दोन दिस. पोराकडच्यांनी आमच्या घराचा गोषवारा काढला. म्हनले, तुमच्या कार्याला मानूस येत न्हाई, तुमचं घर एकटं पडल्यालं हाय, उद्या सुनेचं पयलं बाळंतपन कोन बगनार. आता आमच्या वस्तीवर कोन येनार वो? दिसातनं एक एष्टी, ती बी हाय तर हाय. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मयताला, दुसऱ्याच्या लग्नाला चालत गेलो. तवा न्हवती कमान. त्ये कुटं लिवलंय?”

ते पुढे म्हणाले, “अशा तोंडानं मी इथं हसाया कसा येऊ? शालनला सांगितलं असतं, तर ती लेकीचा साखरपुडा सोडून रडत बसली असती. म्हनलं, गर्दीचं सांगू. भन म्हनंल, लबाड हाईस, आनि इसरंल. पर तिनं मोबाइल काढला.”

“चला,” मी त्यांच्या दंडाला धरले. “क-सतरा राहू द्या. मी तुम्हाला व्यासपीठावर नेतो. माइकवरून नाव घेतो.”

“तुमी न्हेऊन काय हुनार? तुमचा धंदाच त्यो, नावं घ्यायचा.” त्यांनी दंड सोडवून घेतला, परंतु रागाने नव्हे. “जिनं बोलवायचं, ती पोस्टात पत्रिका टाकून बसली. ही पिशवी घ्या. पोरीला द्या. तिनं मागितली हुती पिवळी. मी जातो.”

मी पिशवी घेतली नाही. घेतली असती तर ते गेले असते. “ती तुम्हीच द्यायची,” एवढे बोलून मी पुन्हा आत धावलो. धावता धावता मोबाइल पाहिला. ठिपका हिरवा होता. मी मनात म्हणत होतो, राहू दे, एवढी दोन मिनिटे तरी हिरवा राहू दे.

शालन नवरीच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आत वैभवी रडत होती आणि तिची मैत्रीण तिचे काजळ टिपत होती. मी शालनला बाजूस घेऊन म्हणालो, “दादा कमानीपाशी आहेत.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “मघापास्नं धा येळा पुकारलं त्याला. यायचं असंल तर पाय हाईत.”

“शालन, कोमलचे लग्न मोडले. आपल्या साखरपुड्याच्या आधी दोन दिवस. म्हणून ते आले नव्हते.”

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच ते मोडले होते. “कोमलचं? आनि मला...” एवढेच ती बोलली. हातातील तबक तिने माझ्या हाती दिले आणि निघाली. सभागृहाच्या मधल्या वाटेने, शेकडो लोकांच्या देखत, नवरीची आई पदर खोचून अनवाणी निघाली. कोणीतरी “काय झालं वैनी?” असे विचारले, तिने ऐकले नाही. मी तबक सांभाळत मागे.

शहाजीराव पाठमोरे होते. ते रस्त्याच्या दिशेने निघालेच होते.

“दादा!”

ते वळले. बहिणीने जाऊन त्यांचा हात धरला, आणि मला वाटले ती आता गळ्यात पडेल. परंतु तिने प्रथम त्यांच्या दंडावर एक जोराची चापट मारली. “पोरीचं एवढं झालं आनि तू मला शेळ्यांचं सांगतूस?”

“जनावरं म्हनलं हुतं. शेळ्या तूच ऐकल्यास.”

“गप! कोमल कुठं हाय?”

“घरी. म्हनली, मी न्हाई येत लग्नात.”

“उद्या मी येती तिच्याकडं. चार दिस ऱ्हाती. आता चल.”

“क-सतराला?”

शालनने भावाच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, पत्रिका बाहेर काढली आणि नाझियाबाईंच्या टेबलावर ठेवली. “बाई, ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. ह्या कागदावर माझा भाऊ आल्याला न्हाई. मी बोलवाया आलीया, म्हनून आलाय.”

नाझियाबाई गोंधळल्या. “मावशी, पत्रिका जवळ नसली तर आतलं दार अडवतं. माणूस दिसतो, पण क्रमांक मिळत नाही. लाल दिवा लागतो, भोंगा सुरू होतो. तो बंद करायला मला आत मुख्य पेटीपर्यंत जावं लागेल. लग्न चालू आहे, सगळे बघतील.”

“बगू द्या,” शालन म्हणाली. “आनि तुमी जागच्या हलू नका.”

तिने भावाचा हात घट्ट धरला आणि दोघे आतल्या दारातून शिरले. तत्क्षणी चौकटीवरील सर्व दिवे लाल झाले आणि भोंगा वाजू लागला. असा कर्णकर्कश आवाज मी निवेदक म्हणून कोणत्याही कार्यालयात ऐकला नव्हता. सनईची तबकडी त्यात बुडाली. मुले कानात बोटे घालून ओरडू लागली. सारा मंडप एकाच वेळी मागे वळला, आणि त्या लाल उजेडात पांढऱ्या फेट्याचा, घामाने भिजलेला माणूस पिवळी साडी छातीशी धरून, बहिणीच्या हाताने ओढला जात, मधल्या वाटेवरून पुढे येऊ लागला.

व्याह्यांनी कानावर हात ठेवून ओरडून विचारले, “कोन घुसलं वो? कोन हाय त्यो?”

मी कडेने पुढे धावून व्यासपीठ गाठले होते; तबक खाली ठेवले, तर समोर माइक होता. आयुष्यभर जे काम मी केले, ते करण्याची हीच वेळ होती. मी माइक हातात घेतला आणि त्याचे बटण चाचपू लागलो. तेव्हा नवरीच्या खोलीचा पडदा बाजूला झाला. मुंडावळ्या बांधलेली माझी लेक दारात आली आणि भोंग्याच्याही वर आवाज चढवून ओरडली,

“माझा मामा हाय त्यो!”

मुहूर्त टळला नाही. अक्षता भोंग्यातच पडल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून विचारणा झाली की, आतल्या दारात क्रमांक उमटला नसला तरी श्री. शहाजी शेडगे हे उपस्थित असल्याचे आपणांस मान्य असल्यास नोंद दुरुस्त करावयाची काय? मी शालनला विचारण्यासाठी फोन लावला. ती तेव्हा वस्तीवर कोमलपाशी बसली होती. ती म्हणाली, “कशाला? ऱ्हाऊ द्या तसंच.” त्यामुळे त्या विवाहाच्या नोंदीत वधूचे मामा आजही अनुपस्थित आहेत.

आपण आपला अमूल्य वेळ देऊन ही कथा शेवटपर्यंत वाचली, याबद्दल मी आपणा सर्व वाचकांचा अंतःकरणापासून ऋणी आहे. लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
दिनकर गणू खराडे, निवेदक
तालुका तासगाव, जिल्हा सांगली